अत्तर कुणाचे? एका शब्दाच्या दोन खोट्या जन्मकथा #धागा

दिवाळीच्या आगेमागे आणि ईदच्या आगेमागे समाजमाध्यमांवर एक वाद ठरल्या वेळी पेटतो. एक पक्ष सांगतो की मोगल येण्यापूर्वी या देशाला सुगंधाची कला ठाऊकच नव्हती. अत्तराचा शोध नूरजहानने लावला. दुसरा पक्ष सांगतो की अत्तर पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे, शब्दही मूळचा इथलाच आहे, अरबांनी तो पळवला. यांतूनच एक तिसरा, अधिक सोवळा पंथ निघाला आहे. त्याच्या मते शब्द परका आहे, म्हणून तो जिभेवरून पुसून टाकावा.

तिघांचाही आत्मविश्वास दांडगा आहे, आणि तिघेही एकाच जागी ठेचकाळतात. शब्दाचे वय आणि वस्तूचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

प्रथम शब्द पाहू. अरबी भाषेत ऐन्, त्, र् या तीन व्यंजनांच्या धातूपासून सुगंधवाचक शब्द होतात. त्यातला मुख्य शब्द 'इत्र'. फारसीने तो घेतला आणि तिच्या उच्चारात तो 'अत्र' असा झाला. हिंदी-उर्दूने 'इत्र' ठेवला. मराठीच्या 'अत्तर'मध्ये आरंभीचा 'अ' आहे, तो फारसी उच्चाराचा ठसा आहे. (मराठीने हिंदीसारखा 'इ' घेऊन तो शब्द सैल केला असता, तर त्याचा 'इतर' झाला असता आणि अत्तराची कुपी 'इतर' खर्चात जमा झाली असती.)

मग 'त'चे द्वित्व कुठून आले? शब्द संस्कृतोद्भव असल्याचा हाच पुरावा म्हणून पुढे केला जातो, म्हणून इथे जरा थांबणे भाग आहे. शब्दाच्या शेवटी येणारे जोडाक्षर मराठी जिभेला नकोसे असते. ते सोडवण्याच्या तिच्या दोन रीती आहेत. कधी ती मध्ये नुसता स्वर घालते: वज़्नचे वजन, कद्रचे कदर, ज़ख्मचे जखम. कधी स्वर घालून आधीचे व्यंजन दुप्पट करते: अक्लचे अक्कल, नक्लचे नक्कल, शक्लचे शक्कल, अस्लचे अस्सल. याच पंक्तीत अत्रचे अत्तर बसवून पाहावे. काही ओढाताण करावी लागत नाही. हे द्वित्व संस्कृताचे नाही, ते मराठीने स्वतः केलेले आहे. शेजारच्या गुजरातीतही 'अत्तर'च आहे. शब्दाचे बीज अरबी, वाट फारसी, आणि आजचे रूप इथल्या बोलणाऱ्यांनी घडवलेले.

'अस्सल' हा शब्द त्या यादीत आहे, हे विसरू नये. "अस्सल मराठी शब्द वापरा" असा उपदेश करणाऱ्याच्या वाक्यातला पहिलाच शब्द अरबी असतो.

व्युत्पत्तीचा आणखी एक पडताळा हाताशी आहे. महाराष्ट्रात 'अत्तार' हे आडनाव गावोगाव भेटते. सोनार, कुंभार, लोहार यांच्यासारखाच हा शब्द 'अत्तर' अधिक 'आर' असा बनला असावा, असे कुणालाही वाटेल. पण सोनारातला 'आर' संस्कृत 'कार'चा अवशेष आहे: सुवर्णकार, कुंभकार, लोहकार. अत्तारातला तो नाही. अरबीत धातूचे मधले व्यंजन दुप्पट करून आणि पुढचा स्वर दीर्घ करून व्यावसायिकाचे नाव तयार होते. ओझे वाहणारा तो हम्माल, मध्यस्थी करणारा दल्लाल, नाणी पारखणारा सर्राफ, शिक्षा अमलात आणणारा जल्लाद, आणि सुगंध विकणारा अत्तार. हमाल, दलाल, सराफ ही रोजच्या व्यवहारातली माणसे आणि अत्तार हे व्याकरणाच्या दृष्टीने सख्खे भाऊ आहेत. हा सगळा संसार एकाच भाषेतून आला, हे यावरून उघड होते. जुन्या काळचा अत्तार केवळ सुगंध विकत नसे. औषधी, मुळ्या, मसाले हेही त्याच्याच दुकानात मिळत. निशापूरचा फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार याचे नाव याच व्यवसायावरून पडले.

शब्दाचा निकाल लागला. आता वस्तूकडे वळावे, कारण पहिल्या पक्षाचा पराभव तिथे होतो.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. त्यांतला एक सांगतो की दर्शनी भागातले दार धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या 'गंधिका'ने दिले. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत अशा व्यापाऱ्याची ऐपत एवढी होती की लेण्याच्या दाराचा खर्च तो उचलू शकत होता. मोगल यायला अजून दीड हजार वर्षे बाकी होती.

ग्रंथांचा पुरावा तर विपुल आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यायच्या वस्तूंमध्ये चंदनाचे आणि अगरूचे प्रकार रंग-वासासह नोंदवले आहेत. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत 'गंधयुक्ती', म्हणजे सुगंधी मिश्रणे करण्याची कला, आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात तो सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास किती मिश्रणे होतील याचा हिशेब मांडतो आणि १८२० हे अचूक उत्तर देतो. आज शाळेत संयोगांचे जे गणित शिकवतात ते इथे सुगंधाच्या निमित्ताने सोडवलेले आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना स्नान, विलेपन, धूप, तांबूल अशी प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची पडली आहेत. हा ग्रंथ दख्खनचा आहे. ज्यांना "दख्खनला सुगंध कुणी शिकवला" असा प्रश्न पडतो त्यांनी तो चाळावा.

पण मग दुसऱ्या पक्षाने टाळ्या पिटाव्यात काय? मुळीच नाही.

या साऱ्या ग्रंथांत सुगंध कोणत्या रूपात येतो, ते नीट पाहावे. सहाणेवर उगाळलेला लेप, चूर्ण, उटणे, धूप, वर्ती, आणि सुवासिक तेल. तेलाची रीत मोठी चतुर होती. तिळांवर ताज्या फुलांचे थर द्यायचे, फुले कोमेजली की नवी घालायची, तिळांनी वास पिऊन घेतला की ते घाण्यात गाळायचे. उत्तरेत त्यालाच फुलेल म्हणत. संस्कृतातले नुसते सुगंधवाचक शब्दही याची साक्ष देतात. अमरकोशानुसार 'परिमल' म्हणजे घर्षणातून उठणारा मनोहर वास; दूरवर पसरणारा तो 'आमोद'. मराठीत 'परिमळ' हा शब्द कोणत्याही सुवासासाठी चालतो, पण मुळात त्यात चंदनाचे खोड आणि सहाण दडलेली आहेत. भाषेने ज्या कृतीसाठी शब्द घडवला, ती कृती उगाळण्याची आहे.

अत्तर ही याहून वेगळी वस्तू आहे. कनौजमध्ये आजही चालणारी रीत अशी: तांब्याच्या देगेत पाणी आणि फुले घालायची, झाकण मातीने लिंपून बंद करायचे, खाली आच द्यायची. वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त जाते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे. ते पाण्याच्या हौदात थंड राहते आणि त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलाचा जीव वाफेतून येऊन त्या तेलात मुरतो. वेगळे झालेले पाणी काढून टाकतात आणि पुन्हा ताज्या फुलांची देग चढवतात. हे ऊर्ध्वपातन झाले. जुन्या गंधशास्त्राचा मुख्य मार्ग हा नव्हता. ही रीत रुळली तेव्हा तिच्याबरोबर तिचे नावही रुळले, जसे टपाल आल्यावर पोस्ट आले. जुन्या कोशात जागा रिकामी होती, म्हणून शब्द आत आला. कुणी तलवारीच्या धाकाने तो कोंबला नाही.

पाच हजार वर्षांच्या दाव्याचे काय? त्याचा आधार म्हणून तक्षशिलेच्या मातीच्या ऊर्ध्वपातन-पात्राचे चित्र फिरते. ती पात्रे खरी आहेत. पण ती सिंधू संस्कृतीची नाहीत. ती इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांतली आहेत. पेशावरजवळच्या शेखान ढेरी येथेही अशी भांडी मोठ्या संख्येने सापडली आणि पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑलचिन यांनी १९७९ मध्ये त्यांवर निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की भारतीय उपखंड हे ऊर्ध्वपातनाचे एक प्राचीन घर असावे, पण तिथे गाळली जात होती ती दारू. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी मद्याच्या भट्टीचे चित्र अत्तराच्या नावाने घरोघर पोचवले आहे. सनातनी काकांच्या कौटुंबिक गटावर ते किती भक्तिभावाने पुढे धाडले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हसू आवरणे कठीण जाते.

आता नूरजहान. ही कथा गुलाबपाण्याने भरलेल्या हौदासह, चांदण्या रात्रीसह सांगितली जाते. जहांगीरने स्वतः आत्मचरित्रात लिहिलेली हकीकत अधिक साधी आहे. गुलाबपाणी तयार करताना, ते गरम असताना ज्या भांड्यांत ओतत, त्यांच्या पृष्ठभागावर स्निग्ध साय धरत असे. ती थोडी थोडी गोळा करण्याची कल्पना नूरजहानच्या आईची, अस्मत बेगमची. जहांगीरने तिला मोत्यांची माळ दिली, आणि अकबराची विधवा सलीमा सुलतान बेगम हिने त्या तेलाला 'इत्र-इ-जहांगीरी' असे नाव दिले. म्हणजे लोककथेने आईचे श्रेय सुंदर मुलीच्या ओटीत घातले. आणि नावाकडे पाहा. 'जहांगीरी इत्र' असे म्हणायचे तर 'इत्र' आधीच ठाऊक असायला हवे. बगदादच्या अल्-किंदीने नवव्या शतकात सुगंधांच्या रसायनावर आणि ऊर्ध्वपातनावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'इत्र' आहे. हे जहांगीरच्या जन्माआधी सातशे वर्षे. अस्मत बेगमने गुलाबाचे शुद्ध तेल वेगळे काढले. ते मोठेच काम होते. पण शब्दही तिचा नाही आणि ऊर्ध्वपातनही तिचे नाही.

मराठीला तर या शब्दासाठी आग्र्याकडे पाहण्याची गरजच नव्हती. अरब व्यापारी कोकणच्या बंदरांत फार पूर्वीपासून ये-जा करत. इतिहासकार अल्-मसूदी ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला, तेव्हा तिथे मुसलमानांची भरभक्कम वस्ती होती आणि राज्य राष्ट्रकूटांचे होते. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले आणि फारसी ही दख्खनची दरबारी भाषा झाली. जहांगीरच्या काळातच विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी 'इत्र-इ-नौरसशाही' नावाचा सुगंधावरचा ग्रंथ रचला गेला. दख्खनच्या प्रत्येक फारसी गोष्टीवर 'मोगली' अशी चिठ्ठी चिकटवणे हा उत्तरेचा इतिहास पाठ करून दक्षिणेचा पेपर लिहिण्याचा प्रकार आहे.

या वादात जे खरोखर हरवते ते म्हणजे शब्दांची परतीची वाट. अल्-किंदीच्या पाककृतींत कोणती द्रव्ये आहेत? चंदन, अगरू, कस्तुरी, कापूर. बगदादचा सुगंध पूर्वेकडच्या जहाजांवर अवलंबून होता. वस्तूंबरोबर नावेही गेली. संस्कृत 'चंदन' फारसीतून अरबीत जाऊन 'संदल' झाले. संस्कृत 'मुष्क' म्हणजे वृषण. कस्तुरीमृगाच्या नाभीजवळच्या ग्रंथीला ते रूप दिसले, फारसीने 'मुश्क' केले, अरबीने 'मिस्क', आणि तेच पुढे युरोपात पोचले. आता महाराष्ट्रातल्या एखाद्या गावाची कल्पना करावी. देवळात पुजारी चंदन उगाळतो. त्याच गावात उरुसाला दर्ग्याकडे 'संदल' निघतो, ताटात तोच उगाळलेला लेप असतो, मिरवणुकीपुढे कधी त्याच गावचे हिंदू मानकरी असतात. दोन शब्द नाहीत हे. एकच शब्द आहे, समुद्र ओलांडून परत आलेला. त्याला परदेशी ठरवायचे तर कोणत्या टोकाकडून?

पंढरीच्या वाटेवरचा 'अबीर' अरबी आहे. मूळ अर्थ मिश्र सुगंधी चूर्ण. 'गुलाब' फारसी आहे, आणि त्याची गंमत आणखी निराळी. 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी. मराठीने पाण्याचे नाव फुलाला दिले आणि मग पाण्यासाठी शब्द उरला नाही म्हणून 'गुलाबपाणी' केले, ज्यात पाणी दोनदा आहे. हाच 'गुलाब' अरबीत 'जुल्लाब' झाला, गोड औषधी सरबताचे नाव बनला, आणि वैद्य-हकिमांच्या हातून फिरत मराठीत आला तो 'जुलाब' होऊन. गुलाब आणि जुलाब यांचे कूळ एकच. शब्दांच्या कुळावरून त्यांची पवित्रता ठरवू पाहणाऱ्यांनी याच प्रकारचा उलटा दाखलाही पाहावा: मराठीतली 'घाण' ही शुद्ध संस्कृत 'घ्राण' शब्दाची लेक आहे. संस्कृत कुळातली घाण दाराबाहेर, आणि अरबी कुळातले अत्तर पाहुण्याच्या मनगटावर. भाषा कुंडली पाहून सोयरीक करत नाही.

शब्दशुद्धीचा पंथ इथे राज्यव्यवहारकोशाचे नाव घेतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेला तो कोश थोर आहे. सार्वभौम सत्तेने आपल्या राज्यकारभाराची भाषा ठरवण्याचा तो जाणता राजकीय निर्णय होता. पण त्याला घराघरातल्या शब्दांविरुद्धचे फर्मान ठरवणे (फर्मानही फारसीच) हा त्या निर्णयाचा अवमान आहे. पुढच्या शतकात त्याच राज्याचा प्रधान 'पेशवा' या फारसी नावानेच मिरवला, आणि त्याच्या दरबारात पाहुण्याला निरोप दिला जाई तो विडे व अत्तरगुलाब देऊन. विसाव्या शतकातले उदाहरण तर अधिक बोलके आहे. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ मध्ये त्यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. शब्द काढावेत की ठेवावेत यावर त्यांच्याशी कुणी कितीही भांडावे. पण त्यांनी आधी ते शब्द मोजले, मूळ शोधले, अर्थ लिहिले, आणि मग मत दिले. आजचा शुद्धिवादी मत आधी देतो आणि व्युत्पत्ती मागाहून शिवून घेतो.

शिवाय प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही. 'अत्तर' परके ठरले की दुसऱ्या दिवशी 'अत्तार' परका ठरतो; ज्याचे घराणे पिढ्यान्पिढ्या त्याच पेठेत राहिले, त्याला त्याच्या धंद्याच्या नावावरून पाहुणा ठरवले जाते. त्या पेठेत शेजारच्या दुकानावर 'गांधी' अशी पाटी असू शकते. गांधी म्हणजे 'गांधिक', सुगंधी द्रव्ये आणि पुढे किराणा विकणारा. कार्ल्याच्या सिंहदत्ताच्या धंद्याचे नाव तेच. एक संस्कृत आडनाव, एक अरबी आडनाव, अर्थ एकच, दुकानातला मालही पुष्कळसा एकच. एकाला मूळ निवासी आणि दुसऱ्याला उपरा म्हणणे शब्दकोशाच्या आधाराने शक्य नाही. ते कोणत्या आधाराने केले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे.

आणि ज्यांना प्राचीन गंधविद्येचा अभिमान मिरवायचा आहे, त्यांच्यासाठी सामग्री तयार आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंध-प्रसाधनांच्या इतिहासावर निबंधांमागून निबंध लिहिले. गंगाधराचा 'गंधसार' आणि एका अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' हे संस्कृत ग्रंथ उजेडात आणण्याचे श्रेय त्यांचे. 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. म्हणजे कुणीतरी मराठी माणूस शेकडो वर्षांपूर्वी सुगंधाच्या कृती आपल्या भाषेत समजावून सांगत होता. दोन्ही ग्रंथ त्या टीकेसह १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापले आहेत. दिवाळीत फिरणाऱ्या त्या चित्रांखाली या पुस्तकाचे नाव कधी दिसत नाही.